हॉपची बिअर चाखून पारखण्याची रीत

आमच्या राज्यात घरी बिअर करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून गुन्हा आहे, आणि मद्यपानाची शिफारस करण्याचा आमचा हेतूही नाही. तथापि अमेरिकेत घरगुती बिअर चाखून तिला गुण देण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती शेतकऱ्याने समजून घेण्याजोगी आहे. जिभेला लागलेला दोष शेतात उत्पन्न झाला, वखारीत झाला की चुलीवर झाला, हे तीत मागे मागे जाऊन शोधून काढितात.

त्या देशात १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर मध्यवर्ती सरकारच्या करातून मुक्त झाली. पुढे १९८५ साली परीक्षकांचीच परीक्षा घेऊन त्यांस प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था निघाली. तिच्या पत्रकात एकंदर ५० गुण असतात: वासास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडात लागणाऱ्या भरीवपणास ५ आणि एकंदर ठशास १०. रूपास अवघे तीन! केवळ रंग उजळावा म्हणून गुळात हायड्रॉस पावडर टाकणाऱ्यांनी आणि त्या रंगावर भाव ठरविणाऱ्यांनी हा आकडा अवश्य पाहावा.

बिअरचे अंग मोड आणून वाळविलेल्या जवाचे, आणि तिचा कडवटपणा हॉप ह्या वेलाचा. ह्या वेलात नर व मादी निरनिराळे असतात. उपयोग मादीवेलाच्या खवलेदार बोंडांचा. बोंडाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यातील राळ जवाच्या काढ्यात सुमारे तासभर उकळली म्हणजे कडूपणा उतरतो. परंतु तिच्यातील सुगंधी तेल तितक्या वेळात वाफेबरोबर निघून जाते. म्हणून वासासाठी घालावयाचा हॉप उकळी संपताना, किंवा आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्येच टाकितात. आमटीत कोथिंबीर शेवटी का टाकतात हे जाणणाऱ्या गृहिणीस ह्याचे अधिक स्पष्टीकरण नको.

परीक्षेचा पेला साबणाचा वास व स्निग्धपणा नसलेला हवा, कारण तुपकटपणाने फेस बसतो. बिअर फार थंडही नसावी. थंडीने गुण व दोष दोन्ही झाकले जातात. ओतताक्षणीच प्रथम वास घ्यावयाचा, कारण उडून जाणारा वास पुन्हा येत नाही. नंतर रंग व फेस पाहावयाचा. हॉप थंडपणी टाकलेल्या बिअरवर किंचित धूसरपणा असतो, तो दोष नव्हे. मग घोट घ्यावयाचा, तो गिळावयाचा, आणि थांबावयाचे. कडूपणा जिभेच्या मागील बाजूस सावकाश चढतो. तो स्वच्छ असेल तर जवाच्या गोडीस तोलून धरितो व हळूहळू ओसरतो. पहिल्याच घोटावर मत देणारा म्हणूनच फसतो.

येथे मराठी माणसास एक सोय आहे. कडू आणि तुरट हे दोन रस आपण लहानपणापासून वेगळे ओळखतो. कारले कडू, कच्चे केळे तुरट. नवशिका परीक्षक दोहोंची गल्लत करितो आणि हॉपला विनाकारण दोष देतो. तोंड आवळून येत असेल तर बहुधा जवाच्या टरफलातील द्रव्य फार कढत पाण्याने धुऊन निघालेले असते. दोष हॉपचा नसून करणाऱ्याच्या हाताचा असतो.

इतर दोषांचीही अशीच वंशावळ सांगता येते. लोण्यासारखा वास आला तर यीस्टला काम पुरे करू दिले नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळी मंद होती. ओल्या पुठ्ठ्याची चव लागली तर हवा शिरली. पांढऱ्या काचेच्या बाटलीवर ऊन पडले तर हॉपच्याच कडू द्रव्यापासून घाणेरडी दुर्गंधी तयार होते. तपकिरी बाटली त्यासाठीच.

आणि शिळ्या चीजची, घामट पायमोज्याची घाण आली तर दोष वखारीचा. हॉप तोडणीच्या वेळी त्यात पाण्याचा अंश शेकडा ७५ ते ८० असतो. तो भट्टीत सुमारे ६० अंश सेंटिग्रेडच्या उष्णतेने शेकडा ८ ते १० वर आणितात, मग दाबून, हवा काढून, थंड जागी ठेवितात. ह्यात हयगय झाली की राळ हवेने बिघडते. वर्षभराची मेहनत अशी उबदार कोठारात काही महिन्यांत वाया जाते.

हा वास पारखण्यामुळे एका वाणाचे नशीब उजळले. ओरेगॉन येथील सरकारी संशोधकांनी १९५६ च्या बियांतून निवडलेला कॅस्केड हा वाण १९७२ साली प्रसृत केला. केवड्या रोगास दाद न देणे हा त्याचा शेतातील गुण. त्याचा पपनसाच्या सालीसारखा वास मात्र जुन्या युरोपीय हॉपांहून निराळा. सान फ्रान्सिस्कोच्या अँकर ह्या लहानशा बिअरगृहाने १९७५ साली, व सिएरा नेवाडा ह्या दुसऱ्याने १९८० पासून, हाच निराळेपणा पुढे केला, आणि कॅस्केड घरोघरच्या बिअर करणाऱ्यांच्या आवडीचा झाला.

परीक्षेची एक अट सांगावयाची राहिली. पेल्यावर करणाऱ्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. आणि आपले गुण कागदावर मांडीपर्यंत परीक्षक एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या सभासदांनी येत्या गुऱ्हाळाच्या हंगामात पाच-सहा गुऱ्हाळांचा गूळ असाच क्रमांक घालून, डोळे मिटून चाखून पाहावा, आणि आपले गुण व्यापाऱ्याने दिलेल्या भावाशेजारी लिहून ठेवावेत.