वीरगळ : शब्द आणि ऋण

‘वीरगळ’ या शब्दाचे उत्तरपद कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड, यापासून आलेले आहे. समासात ‘क’चा ‘ग’ होऊन ‘वीरगल्लु’ हे रूप सिद्ध होते. या शिळेवर सामान्यतः खालच्या चौकटीत युद्ध, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, वरती शिवलिंगपूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य असेतो स्मृती राहावी, हा त्यांचा अर्थ. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नसल्याने वीराचे नाव लोपले आहे. कर्नाटकातील लेखांत या स्मरणाची दुसरी बाजू दिसते : मृताच्या कुटुंबास दिलेल्या जमिनीस तेथे ‘नेत्तरुगोडगे’, म्हणजे रक्ताप्रीत्यर्थ दिलेले दान, म्हणत. 1949 पासून 7 डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीमागे हेच तत्त्व आहे. केवळ शिळेने स्मरण पुरे होत नाही. वीराच्या घराचा निर्वाह चालविणे हेही त्याचेच अंग होय.