पाय मोडायला किती वजन?

माझ्या धंद्यात दिवसाकाठी हजारभर अक्षरांचे पाय मोडावे लागतात. जिल्हा न्यायालयाचे कागद मराठी, खंडपीठाचे इंग्रजी. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्याकडे, तेव्हाच्या औरंगाबादला, आलं, तेव्हापासून सातबारे, फेरफार, पंचनामे या भाषेतून त्या भाषेत नेणाऱ्यांचा एक वर्गच शहरात तयार झाला. मी त्यातलाच. सकाळी वकीलसाहेब बोलतील तो दावा मराठीत उतरवायचा आणि रात्री घरी बसून दुसऱ्याच कुणाच्या वाटणीपत्राचं इंग्रजी करायचं.

इतकी वर्षं हे सगळं साडेतीनशे रुपयांच्या कीबोर्डवर चाललं होतं. त्यात प्रत्येक कळीखाली रबराचा छोटा घुमट असतो. तो पूर्ण चेपून तळाला टेकला की मगच अक्षर उमटतं. वर्षभरात घुमट मऊ पडतात, 'क' दोनदा उमटतो, 'र' उमटतच नाही. दुपारपर्यंत कळ फक्त कीबोर्डला असायची, संध्याकाळी ती माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटातही यायची. दिवाळीनंतर एकदाचं ठरवलं आणि कॅनॉटच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो.

"पोरासाठी का, काका? गेमिंगला?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं.

"टायपिंगला. माझ्यासाठी."

त्याने काचेच्या कपाटातून एक पट्टी काढून समोर ठेवली. पट्टीवर नऊ कळा, प्रत्येकीखाली वेगळा स्विच. मेकॅनिकल कीबोर्डची गंमत हीच की यात प्रत्येक कळीला स्वतःचं स्वतंत्र यंत्र असतं. प्लास्टिकची दांडी, तिच्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूची दोन पाती. दांडी साधारण दोन मिलिमीटर खाली गेली की पाती एकमेकांना भेटतात आणि अक्षर उमटतं. कळ चार मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, पण तळ गाठायची गरज नसते. अर्ध्या वाटेतच काम झालेलं असतं.

जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात हा एमएक्स स्विच आणला आणि दांडीच्या रंगावरून त्याच्या जाती ओळखल्या जाऊ लागल्या. पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले. रंगांचा संकेत बहुतेकांनी तोच ठेवला आणि भाव उतरले. रेड सरळ खाली जातो, वाटेत काही जाणवत नाही. ब्राऊनला मध्ये एक बारीक उंचवटा लागतो. रस्त्यावरचा गतिरोधक झिजून झिजून उरावा तेवढाच. ब्लूमध्ये दांडीभोवती एक सुटं कडं असतं. ते ऐन वेळी सटकन खाली आपटतं आणि टक्क असा आवाज होतो.

ब्लू दाबला आणि मी ओळखला. हा तर टीव्हीएस गोल्ड! कोर्टाजवळच्या टायपिंगच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं, औषधांच्या दुकानातली बिलिंगची टेबलं या सगळ्यांचा आवाज तोच. या देशात अनेकांनी मेकॅनिकल हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी मेकॅनिकल कीबोर्ड वापरलेला आहे, आणि त्याचं श्रेय या एका ओबडधोबड, जड, देखणेपणाचा आव न आणणाऱ्या कीबोर्डला द्यायला हवं. त्याच्या कळांखाली वर्षानुवर्षं चेरीचे ब्लू स्विचच होते.

"वजनात किती फरक आहे?" मी विचारलं.

मुलाने गल्ला उघडून दहा-दहाची नाणी काढली. आमच्याकडे भाजीवाला हे नाणं घेत नाही, रिझर्व्ह बँक कितीही सांगो. म्हणून त्याच्या गल्ल्यात ती साठून राहिलेली. २०११च्या मालिकेतलं नाणं ७.७१ ग्रॅमचं. त्याने संगणकाला जोडलेल्या एका कीबोर्डच्या कळीवर ती एकावर एक रचली. रेडवर सहावं नाणं ठेवलं आणि पडद्यावर अक्षर आलं. दुसऱ्या कीबोर्डवर ब्लूला आठ लागली. कंपनीचे आकडे घरी पाहिले : रेड ४५, ब्राऊन ५५, ब्लू ६० सेंटिन्यूटन, म्हणजे ग्रॅममध्येही जवळपास तेवढेच. नाण्यांचा हिशोब चोख निघाला.

मी ब्लू घेतला. यात डोक्यापेक्षा कानांचाच हात जास्त होता. टायपिंग क्लासमध्ये 'ए एस डी एफ जी एफ' बडवत काढलेल्या सकाळी त्या आवाजात होत्या. मुलाने एकच शहाणपणाचा सल्ला दिला, "काका, हॉट-स्वॅप घ्या. पुढे स्विच बदलावा वाटला तर चिमट्याने उपटायचा, दुसरा बसवायचा. डाग नको, सोल्डरिंग नको." तीन हजार दोनशे मोजले.

रात्री साडेअकराला सौभाग्यवती दारात उभी. "अहो, शिलाई मशीन आणलीत का?"

तिसऱ्या रात्री वरच्या मजल्यावरच्या आजोबांनीही चौकशी केली. चौथ्या दिवशी मी रेड स्विचचं पाकीट घेऊन आलो आणि रविवारची दुपार एकेक स्विच उपटून बदलण्यात घालवली. घर शांत झालं. इंग्रजी तर असं पळू लागलं की बस. आणि मग मराठीने दगा दिला.

मी मराठी टाइप करतो ती इनस्क्रिप्ट ही कळांची रचना इथे सांगावी लागेल. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण केलेल्या या रचनेत स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला असतात, व्यंजनं बहुतेक उजव्या. उजव्याने अक्षर मांडायचं, डाव्याने त्याला वेलांटी-उकार द्यायचा. लय छान लागते, तबल्यावर दोन हात चालावेत तशी. जुन्या मराठी टाइपरायटरवर बरीच अक्षरं आधी अर्धी उमटायची आणि काना ओढला की पूर्ण व्हायची. इनस्क्रिप्टवर उलटं आहे. अक्षर पूर्णच येतं, जोडाक्षर हवं असेल तर त्याचा पाय मोडायचा. पाय मोडायची कळ आहे 'डी', काना आहे 'ई'वर. दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे. 'महाराष्ट्र' लिहून पाहा. शिफ्ट सोडून दहा कळा दाबाव्या लागतात आणि त्यांतल्या पाच, 'सी'वरचा 'म', दोन काने आणि दोन मोडलेले पाय, या एकट्या बोटाच्या. इंग्रजीत तरी त्याला आराम? तिथेही सर्वांत जास्त लागणारं अक्षर 'ई'च.

आता विचार करताना माझी बोटं कळांवर टेकलेली असतात. क्लासमध्ये तसंच शिकवलेलं. डाव्या हाताची चार बोटं म्हणजे ओकार, एकार, पाय मोडणं आणि ऱ्हस्व वेलांटी. रेड इतका हलका की वाक्य आठवता आठवता बोट जरा जड झालं की मात्रा उमटते. जागा सोडल्यावर उमटली तर ठीक, टिंबांच्या गोल कड्यावर बसलेली ती पोरकी मात्रा लगेच दिसते. पण शब्दाच्या मधे पाय मोडला गेला तर अक्षरं गुपचूप जोडली जातात. 'हरकत'चं 'हर्कत' झालं, ते मी पकडलं. 'वारस'चं 'वार्स' झालं, ते वकीलसाहेबांनी पकडलं, तेही दाव्यावर पक्षकाराची सही झाल्यावर. दोष स्विचचा नव्हता, माझ्या टेकणाऱ्या बोटाचा होता. पण पन्नाशीनंतर बोट बदलण्यापेक्षा स्विच बदलणं सोपं.

पुन्हा कॅनॉट. या वेळी सुटे दहा ब्राऊन मागितले. मुलाला वाटलं कळा खराब झाल्या. "सगळे एकसारखे लावा ना काका, मिक्स कोण करतं?" मी त्याला म्हटलं, तू मराठी टाइप कर एक पान, मग बोलू. त्याने मोबाइल काढून दाखवला. तो मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो.

ब्राऊन डाव्या हाताच्या मधल्या ओळीला लावले, शिवाय 'ई'ला. बाकी रेडच ठेवले. फरक मोजून दहा सेंटिन्यूटनचा, दीड नाण्याचासुद्धा नाही, आणि तो बारीक उंचवटा. बोट टेकलं तर टेकू देतो. पाय मोडायचा असेल तर मात्र मोडतोय हे बोटाला कळतं. जाणकार मंडळी ब्राऊनला नावं ठेवतात. धड रेड नाही, धड ब्लू नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. आठ तास ज्याला एकाच कळीवर बसायचं आहे त्याला तो मधलेपणाच हवा असतो.

अक्षरांच्या स्टिकरचा मोह मात्र टाळला. महिन्याभरात कडा सुटतात आणि मराठवाड्याची धूळ त्यांना चिकटते. बोटांना जागा पाठ आहेत.

उरलेले ब्लू श्रीखंडाच्या डबीत आहेत. दोन मी कार्यालयातल्या तशाच दुसऱ्या कीबोर्डवर एंटरला आणि स्पेसबारला लावलेत. तिथे आवाजाचं कुणाला काही वाटत नाही.

तुम्ही पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायला निघाला असाल तर पट्टीवरची एकेक कळ दाबून ठरवू नका, मी तेच केलं होतं. दहा रुपयांची आठ नाणी आणि सातबाराचा एक उतारा खिशात घेऊन जा, आणि दुकानातच तो पूर्ण टाइप करून बघा. आठ-दहा ओळींनी दुकानदार कंटाळेल. तरी थांबू नका.