विश्लेषण : लाल मातीत लोह भरपूर, तरी अनंत पिवळा का पडतो?

अलिबाग, नागाव, रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या गावांत अंगणात किंवा विहिरीच्या कडेला अनंताचे झुडूप सहज दिसते. उन्हाळा सरताना आणि पावसाच्या सुरुवातीला त्याला पांढरीशुभ्र, घमघमणारी फुले येतात. मात्र अनेक बागांत अनंताची पाने पिवळी पडतात आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. खत वाढवूनही फरक पडत नाही. असे का होते, आणि उपाय काय?

अनंत मूळचा कुठला?

अनंताचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडीस. हिंदीत तो गंधराज. चीन-जपानकडची ही वनस्पती कॉफीच्या कुळातली, म्हणजे रुबिएसी कुळातली आहे. तिच्या मूळ अधिवासातली माती आम्लधर्मी, पानांच्या कुजीने समृद्ध आणि पाण्याचा निचरा होणारी असते. म्हणून साधारण ५ ते ६.५ सामू असलेली माती तिला मानवते. सामू ७ च्या वर गेला की तक्रारी सुरू होतात.

मातीत लोह असूनही उपासमार कशी?

कोकणातील जांभ्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळेच असतो. पण मुळांना लोह शोषायचे, तर ते आधी पाण्यात विरघळावे लागते. मातीचा सामू १ ने वाढला की विरघळणारे फेरिक लोह सुमारे हजार पटीने घटते. लोह जागेवरच असते, झाडाच्या हाती लागत नाही. हरितद्रव्य तयार होण्यासाठी लोह आवश्यक असल्याने शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोहाच्या उणिवेची हीच खूण.

कुंडीत गंजलेले खिळे टाकण्याचा घरगुती उपाय याच कारणाने फसतो. गंज म्हणजे पुन्हा तेच न विरघळणारे ऑक्साइड.

किनाऱ्यावर सामू वाढतो कशामुळे?

समुद्रालगतच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात चुना. सिमेंटची कुंडी, भिंतीलगतचा वाफा आणि बांधकामाचा राडारोडा यांतूनही मातीत चुना उतरतो. बाहेरून लाल माती मागवून भरली, तरी विहिरीचे जड पाणी वर्षभर घातल्यास तिचा सामू हळूहळू चढतो. वाळलेल्या चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले, तर चुना आहे असे समजावे.

विहिरीचे पाणी खारे असेल तर?

किनारपट्टीत गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उन्हाळ्यात जास्त उपसा झाला की खारे पाणी वर सरकते. पानांच्या कडा करपणे आणि कळ्या गळणे ही त्याची लक्षणे. स्वस्त टीडीएस मीटरने पाणी तपासता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या वर्गवारीनुसार सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असतील, तर अडचण नसते. २,००० च्या पुढे गंभीर मर्यादा येतात. अनंत क्षारांना नाजूक असल्याने आकडा जितका कमी, तितके चांगले.

किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी आणि जवळपास क्षारमुक्त असते. पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवले, तर एखाद-दुसऱ्या झुडपाला पावसाळ्यानंतरही काही काळ पुरते.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

आधी माती, मग पाणी आणि शेवटी औषध. लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत यांचे मिश्रण वापरावे. सिमेंटऐवजी मातीची किंवा प्लास्टिकची कुंडी घ्यावी. बुंध्याभोवती पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुनखडीच्या मातीत लवकरच निरुपयोगी होते. चिलेटेड लोह घेताना पाकिटावरचे नाव पाहावे. ईडीटीए प्रकार साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकतो. त्यापुढे ईडीडीएचए प्रकार लागतो. मात्र पिवळेपणा पावसात आणि सगळ्याच पानांवर असेल, तर कारण बहुधा साचलेले पाणी असते. तिथे लोह देऊन उपयोग नाही, निचरा सुधारावा. खालची एखाद-दुसरी जुनी पाने पिवळी होऊन गळणे स्वाभाविक आहे.

वारा, ऊन आणि छाटणी...

खारा वारा पानांवर मिठाचा थर ठेवतो. पश्चिमेकडे कुंपणाचा आडोसा द्यावा आणि कोरड्या दिवसांत गोड्या पाण्याने पाने धुवावीत. नारळी-पोफळीच्या वाडीतली विरळ सावली अनंताला योग्य. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरील हजारो माड-पोफळी पडल्या. जिथे अशी सावली गेली, तिथे दुपारचे ऊन अडवणारे दुसरे झाड किंवा जाळी हवी.

कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नये. पाण्यात खंड किंवा अतिरेक नको. छाटणी बहर संपताच करावी, उशिरा केल्यास पुढच्या कळ्या कापल्या जातात. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी आल्यास त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. सुरुवातीलाच पानांच्या खालून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी.

नवे रोप कसे करावे?

दुहेरी पाकळ्यांच्या अनंताला सहसा बी धरत नाही. पावसाळ्यात १० ते १५ सेंटीमीटर लांबीची अर्धपक्व फांदी लावली, तर साधारण दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात. गुटी कलमही जमते. पिवळी पडलेली पाने मात्र क्वचितच पूर्ण हिरवी होतात. उपाय लागू पडला की नाही, हे नव्या पालवीच्या रंगावरून ओळखावे.