हे कोणाकडून आलं?

माझी मुलगी दीड वर्षाची असताना भर पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. वर्षभरातली ही दुसरी खेप. आमचं घर पेडण्यात, बायकोचं माहेर डिचोलीला. तिचा धाकटा भाऊ तान्हेपणीच न्यूमोनियाने गेला होता. ते आठवून आई बोलून गेली, "हे डिचोलीकडून आलंय." बायको गप्प राहिली. मीही गप्प राहिलो, आणि तेच मला अजून टोचतं.

डॉक्टरांनी मात्र दोन्ही घरांची चौकशी केली. का, ते मला नंतर वाचताना समजलं.

आनुवंशिकतेचा संबंध असतो. डेन्मार्कमधल्या साडेनऊशेहून अधिक दत्तक मुलांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची जन्मदाती आई किंवा वडील पन्नाशीच्या आत संसर्गाने दगावले, त्यांना संसर्गाने मृत्यू येण्याचा धोका जवळपास सहा पट होता.

आपल्याकडचं ठळक उदाहरण सिकलसेलचं. गडचिरोली, नंदुरबारकडे तो बराच आढळतो. त्यात प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकस या जंतूला मोकळं रान मिळतं. पण सिकलसेल ॲनिमियात सदोष जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही आलेलं असतं. वाहक असलेले आईवडील बहुधा ठणठणीत असतात. मग बोट कोणाकडे दाखवायचं? शिवाय उपायही आहे. १९८६ च्या अमेरिकेतल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिनने अशा मुलांमधले न्यूमोकोकसचे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले.

बहुतेक मुलांत असं एकच दोषी जनुक नसतं. कुपोषण, जन्मतः कमी वजन, धूर, राहिलेली लस यांचा वाटा मोठा असतो. आमच्या मुलीच्या तपासण्यांत काही निघालं नाही. पडवीत बाबा ओढत असलेल्या विडीचा धूर मात्र थेट तिच्या खोलीत जायचा. ती विडी पेडण्याचीच!

बाबांची विडी आता बंद आहे. न्यूमोकोकसची लस सहा आणि चौदा आठवड्यांना व नवव्या महिन्यात सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नका. आणि श्वास मोजायला शिका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्या माणसांना हेच शिकवलं आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचं. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे श्वास ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर लगेच डॉक्टरकडे.

परवा मुलीला सर्दी झाली. आईनेच घड्याळ लावून श्वास मोजले. तीस. आणि तो आकडा तिने सगळ्यांत आधी डिचोलीला फोन करून सांगितला.