दोन याद्या, एक नोंद

फेरफारपत्रक व सात-बाराचा उतारा यांचा मेळ नसला म्हणजे काय अनर्थ होतो, हें जमीनधारकांस सांगावयास नको. सहकारी संस्थांच्या कचेऱ्यांतील संगणकांवर हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो.

अशा कचेरींत बहुधा दोन याद्या असतात. एक जाळ्याच्या मुख्य संगणकाची, म्हणजे सर्व्हरची. कोणास कोणतें दप्तर उघडतां यावें, हें तिजवरून ठरतें. दुसरी ई-मेलच्या सर्व्हरची. कोणाचें पत्र कोणत्या पेटींत टाकावें, हें ती सांगते. नवा कारकून पहिलींत नोंदला व दुसरींत राहिला, तर त्याचीं पत्रें परत जातात. उलट, नोकरी सोडलेल्याचें नांव दुसरींत तसेंच राहिलें, तर सभासदांच्या कर्जाचीं पत्रें त्यास घरबसल्या वाचतां येतात. हा धोका पहिल्याहून मोठा होय.

मेळ राखण्याचे नियम तीन आहेत. पहिला, मूळ यादी कोणती तें ठरवावें व फेरफार तींतच करावा. दुसरी केवळ तिची नक्कल असावी. दुसरा, माणूस नांवावरून ओळखूं नये. एका नांवाचे चार गृहस्थ असतात, व नांवें बदलतातही. म्हणून जमिनीस गट नंबर, तसा प्रत्येकास न बदलणारा क्रमांक असावा. तिसरा, काढलेलें नांव एकदम पुसूं नये. तसें केल्यास दुसऱ्या यादीस तें कळणार कसें? यास्तव ‘काढलें’ अशी खूण कांहीं काळ ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरींत २००० सालीं ही मुदत ६० दिवसांची होती; पुढें नव्या मांडणींत ती १८० दिवसांची झाली.

त्याच कंपनीच्या एक्स्चेंज ५.५ या टपाल-व्यवस्थेची यादी स्वतंत्र असे. एक्स्चेंज २००० मध्यें ती टाकून जाळ्याचीच यादी वापरावयास घेतली. परंतु टपाल दूरच्या सर्व्हरवर ठेवण्याची चाल पडल्यापासून याद्या पुनः दोन झाल्या. त्यांचा मेळ घालणारी एन्ट्रा कनेक्ट ही योजना सामान्यतः दर ३० मिनिटांनीं फेरफार नेते, आणि एका खेपेस ५०० हून अधिक नांवें गळूं लागल्यास आपण होऊन थांबते. चाळीस नोकरांच्या संस्थेस ही मर्यादा निरुपयोगी. तिनें ती पांचसातांवर आणावी.

संचालकांनीं आपल्या चिटणिसांस इतकेंच विचारावें: मूळ यादी कोणती, तींत हात कोणाचा, आणि नोकर गेला त्याच दिवशीं त्याचें नांव दोहींतून निघतें काय?