हुशार आहे, मग वाचत का नाही? डिस्लेक्सियाविषयीचे गैरसमज

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. राज्याच्या दहावी-बारावीच्या परीक्षा मंडळाचं मुख्य कार्यालयही इथेच आहे. अशा गावात चौथीतलं मूल धडा अडखळत वाचू लागलं, की त्याला आधी बोलणी बसतात आणि मदत फार उशिरा मिळते. याला काही पक्के गैरसमज कारणीभूत आहेत.

गैरसमज: मूल आळशी आहे, नाहीतर ‘ढ’ आहे.
वस्तुस्थिती: अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याचं काम डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूत वेगळ्या रीतीने चालतं. हे जन्मजात असतं, पुष्कळदा घराण्यातही आढळतं. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी 14 वर्षांच्या अशाच एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं.

गैरसमज: हा त्रास इंग्रजी माध्यमातच होतो.
वस्तुस्थिती: मराठीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ बराच चांगला आहे, तरी अडचण जात नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होतो. वेलांट्या गळतात, अनुस्वार सुटतात, ‘सूर्य’मधला रफार भलत्याच अक्षरावर जातो. जोडाक्षर आलं की वाचन थबकतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे, ती याचसाठी.

गैरसमज: अक्षरं उलटी दिसतात, चष्मा लावला की झालं.
वस्तुस्थिती: पहिली-दुसरीत अक्षरं उलटी काढणारी मुलं पुष्कळ असतात, तेवढ्यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही. नजर आणि ऐकणं जरूर तपासून घ्यावं. पण चष्म्याने किंवा रंगीत काचांनी डिस्लेक्सिया बरा होत नाही.

गैरसमज: अशा प्रत्येक मुलात एखादा कलावंत दडलेला असतो.
वस्तुस्थिती: ‘तारे जमीं पर’ (2007) या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोचवला, पण त्यातल्या ईशानसारखी चित्रं सगळ्यांनाच काढता येत नाहीत. काही खास जमत नसलं, तरी मुलाचा मदतीवरचा हक्क तेवढाच राहतो.

गैरसमज: मोठेपणी आपोआप सुटेल.
वस्तुस्थिती: डिस्लेक्सिया जन्मभर सोबत राहतो आणि त्यावर औषध नाही. मात्र नेमक्या पद्धतीने शिकवलं, तर वाचन निश्चित सुधारतं. ताटात रवा पसरायचा, त्यात बोटाने ‘क’ गिरवायचा आणि गिरवतानाच तोंडाने ‘क’ म्हणायचं: डोळा, कान, हात एकाच वेळी कामाला लागतात. आधी ध्वनी, मग अक्षर, मग काना-मात्रा, शेवटी जोडाक्षरं. रोज थोडं, पण न चुकता.

गैरसमज: परीक्षेतल्या सवलती म्हणजे फुकटचे गुण.
वस्तुस्थिती: जादा वेळ आणि लेखनिक मिळाला, तरी उत्तर मुलालाच यावं लागतं. महाराष्ट्राने या सवलती 1996 पासून सुरू केल्या. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो, त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही समावेश आहे. सवलतींसाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी दहावी उजाडायची वाट पाहू नये.

शंका आली, तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग बालविकासतज्ज्ञ किंवा मानसतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र अशा अडचणींवर काम करतं. प्रमाणपत्र यायचं तेव्हा येईल, काही गोष्टी मात्र आजपासूनच करता येतात. शिक्षकांनी या मुलाला वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नये, तोंडी उत्तराला गुण द्यावेत आणि फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती करू नये. घरी इतिहासाचा, विज्ञानाचा धडा वाचून दाखवावा. वाचन मागे पडलं म्हणून ज्ञान मागे पडता कामा नये. आणि भावंडांशी तुलना थांबवून, ‘तू ढ नाहीस, तुझी शिकायची रीत वेगळी आहे,’ हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावं.