कोष्टकांतील आंकडा संगणकाकडून काढतांना घ्यावयाची खबरदारी

खतांचें कोष्टक वाचकांच्या परिचयाचें आहेच. डाव्या बाजूस खतांचीं नांवें व माथ्यावर नत्र, स्फुरद, पालाश हीं सदरें असतात. एक बोट आडव्या ओळीवरून व दुसरें उभ्या रकान्यावरून सरकवावें आणि दोन्ही जेथें मिळतील तेथील आंकडा घ्यावा, ही जुनी रीत. हल्लीं पुष्कळ बागाइतदार हें कोष्टक संगणकावर एक्सेलमध्यें ठेवितात. तेथें बोटांचें काम 'मॅच' हें सूत्र करतें व आंकडा उचलण्याचें काम 'इन्डेक्स' करतें.

समजा, ए या रकान्यांत दुसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत अनुक्रमें युरिया, अमोनियम सल्फेट, डीएपी, सुपर फॉस्फेट व सल्फेट ऑफ पोटॅश हीं नांवें आहेत. पहिल्या ओळींत बी, सी व डी येथें नत्र, स्फुरद, पालाश लिहिलें असून खालीं शेंकडा प्रमाण भरलें आहे. युरियापुढें नत्र ४६, डीएपीपुढें नत्र १८ व स्फुरद ४६, याप्रमाणें. आतां एफ१ या चौकटींत खताचें व एफ२ मध्यें अन्नद्रव्याचें नांव लिहून एफ३ मध्यें पुढील सूत्र इंग्रजी अक्षरांत व अंकांत घालावें:

=इन्डेक्स(बी२:डी६, मॅच(एफ१, ए२:ए६, ०), मॅच(एफ२, बी१:डी१, ०))

पहिला मॅच ओळीचा व दुसरा रकान्याचा क्रमांक सांगतो. डीएपी व स्फुरद विचारल्यास तिसरी ओळ, दुसरा रकाना, म्हणून उत्तर ४६.

सूत्रांतील दोन शून्यें पुष्कळांस निरर्थक वाटतात व तीं स्वल्पविरामासह गाळलीं जातात. सर्व घोटाळा येथेंच होतो. शून्य म्हणजे 'तंतोतंत तेंच नांव शोध'. तें नसल्यास यादी वर्णानुक्रमानें लाविली आहे असें यंत्र गृहीत धरतें. (खतांची यादी वर्णानुक्रमानें कोण लिहितो?) मग युरिया शोधतांना तें प्रथम मधलें नांव, डीएपी, पाहतें. 'ड' हा 'य'च्या आधींचा. सबब युरिया खालींच असला पाहिजे असें ठरवून वरचा भाग सोडून देतें. खालीं 'स'चीं नांवें 'य'च्या पुढचीं निघतात, म्हणून डीएपीवरच थांबतें आणि युरियाचें नत्र १८ असें बिनदिक्कत सांगतें. चुकीची खूण कोठेंही दिसत नाहीं.

याचा परिणाम पाहा. हेक्टरी १०० किलो नत्र युरियांतून द्यावयाचें असल्यास सुमारें २१७ किलो युरिया पुरतो. ४५ किलोच्या गोणीप्रमाणें पांचांच्या आंत. १८ धरून हिशेब केल्यास ५५६ किलो, म्हणजे बारांहून अधिक गोण्या होतात. पैसा जातो तो जातोच, शिवाय अडीचपट नत्रानें माजलेला गहूं लोळतो.

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत 'एक्सलुकअप' हें सूत्र आहे. तें न सांगतांच तंतोतंत शोधतें. जुन्या आवृत्तींत मात्र शून्य लिहिलेंच पाहिजे. शून्य असतांना नांवापुढें एखादी रिकामी जागा पडली किंवा 'युरीया' असें दीर्घ लिहिलें गेलें, तर आंकड्याऐवजीं 'आढळलें नाहीं' अशा अर्थाची खूण येते. तिनें त्रासून शून्य काढूं नये. नांव दुरुस्त करावें. नवें कोष्टक केल्यावर चार-पांच आंकडे गोणीवरील छापील प्रमाणाशीं ताडून पाहावे, व त्यांत यादीतील पहिलें आणि शेवटचें खत अवश्य घ्यावें.